अध्यक्षांच्या दारावर मिरची

"साऱ्या जगात शांतता अशी एकच जागा उरली आहे, आणि ती म्हणजे आपलं पळसगव्हाण!"

धर्मपाल मुनेश्वरांनी विहाराच्या ओट्यावरून, उजवा हात आभाळाकडं नेऊन ही घोषणा केली, तेव्हा ओट्याखाली तंटामुक्त समितीचे दोन सन्माननीय सदस्य एकाच प्लास्टिकच्या खुर्चीचे दोन हात धरून ओढत होते. खुर्ची मुळातच मनानं खचलेली होती. ती मोडली. एक सदस्य खुर्चीसकट मागं पडले, दुसरे खुर्चीचा हात घेऊन पुढं. धर्मपालांनी भाषण थांबवलं नाही. त्यांनी खाली एक नजर टाकली आणि माइकमध्ये शांतपणे सांगितलं, "हा तंटा नाही. हे फरतड आहे."

फरतड म्हणजे हंगाम सरल्यावर त्याच वाळल्या पऱ्हाटीला पुन्हा पाणी देऊन काढलेला हलका कापूस. धर्मपालांची सगळी नोकरी सरकारी खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून झाली होती. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस बाहेर काढायचा, दोन अंगठ्यांमध्ये धागा ताणून तोडायचा आणि आभाळाकडं बघत त्याची प्रत सांगायची. त्यांच्या हाताला लोक घाबरत नसत, त्या आभाळाकडं बघण्याला घाबरत. त्यावर कोणी वाद घातल्याचं ऐकिवात नव्हतं. निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले. रिकामे हात बघून गावानं त्यांना तंटामुक्त समितीचं अध्यक्ष केलं, आणि तेव्हापासून ते माणसांत कोपरापर्यंत हात घालू लागले.

भांडणांनाही त्यांनी प्रती लावल्या होत्या. धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण पहिल्या प्रतीचं. त्याला पंच, पाहणी, दोन्हीकडची माणसं. सांडपाण्याचं दुसऱ्या प्रतीचं. कोंबडीचं, शेळीचं त्याखाली. आणि नवऱ्यानं बायकोला मारलं, तर ते फरतड. त्याला प्रत लावायचा सवालच नाही. त्यावर एकच इलाज होता: दोघांना आपल्या घरच्या समोरच्या खोलीत बसवायचं, चहा पाजायचा, बाईच्या हातून नवऱ्याला पेढा भरवायचा आणि फोटो काढायचा. समोरच्या खोलीची एक भिंत अशा फोटोंनी भरली होती. सगळ्या फोटोंत नवऱ्यांची तोंडं उघडी होती आणि बायकांची मिटलेली. हे धर्मपालांच्या कधी लक्षात आलं नव्हतं, कारण प्रत्येक फोटोत मधोमध ते स्वतः होते.

कापसाच्या पडत्या काळाची ती वर्षं. जिल्ह्यात बोंडं कमी आणि पाहणी करणारे जास्त. कोणी मातीचे नमुने नेत, कोणी माणसांचे. महागावच्या रस्त्यावर अनोळखी जीपचा आवाज आला की गाव आपोआप निंबाखाली जमायचं आणि पाहुण्यांनी प्रश्न विचारायच्या आधीच उत्तरं द्यायला लागायचं. म्हणून यवतमाळच्या एका संस्थेची ममता नावाची बाई खांद्यावरच्या झोळीत रांगोळीच्या पुड्या घेऊन आली, तेव्हा धर्मपालांना फारसं नवल वाटलं नाही. नमुने नेण्याऐवजी ही रांगोळी घेऊन आली, एवढाच फरक.

"काका, मला बायकांसोबत बसायचं आहे," ममता म्हणाली. "घरात मारहाण झाली, जिवावर बेतलं, तर कुठं जायचं, कोणाला हाक मारायची, गाडी कोणाची, दवाखाना कुठला, हे आधीच ठरवून ठेवायचं. वेळ आल्यावर माणसाला सुचत नाही."

"आमच्या गावात तसं काही होत नाही."

"मग काम लवकर संपेल."

"अन् झालंच तर मी हाओ नं!"

"तेही येईल की नकाशात," ममता म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही.

नकाशात आपलं घर येणार म्हटल्यावर धर्मपाल खूश झाले. पत्र्याच्या पेटीतून धुतलेली टोपी निघाली. विहाराचं अंगण त्यांनी स्वतः उभं राहून झाडून घेतलं. बायका रांगोळीनं गाव काढणार होत्या. जिथं आधार वाटतो त्या घरावर सरकी ठेवायची आणि जिथं जाऊ नये तिथं वाळली लाल मिरची. आपल्या घरावर सरकीचा ढीग पडणार, ढिगाखाली घर दिसेनासं होणार, अशी धर्मपालांना काळजी लागली. तसा फोटो आला तर तंटामुक्तीचं मूल्यमापन करणाऱ्या मंडळींना घर समजणार कसं? वर नाव लिहायला सांगावं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

"पुरुषांनी मात्र बाहेर बसायचं," ममता म्हणाली.

"मी पुरुष म्हणून नाही, अध्यक्ष म्हणून बसतो."

"अध्यक्षांनीही."

धर्मपाल मुकाट्यानं विहाराच्या दालनात गेले, मूर्तीला वंदन केलं, त्रिसरण म्हटलं आणि अंगणाकडच्या खिडकीखाली मांडी घालून बसले. त्या खिडकीचं एक दार लागतच नव्हतं. ते काही ऐकायला बसले नव्हते. बसले होते, आणि कान त्या बाजूला होते.

विहाराच्या दुसऱ्या अंगाला, रस्त्यावरच्या निंबाखाली त्यांचा पुतण्या राजदीप आपल्या काळीपिवळी जीपच्या बॉनेटवर पाय सोडून बसला होता. ममताला महागावहून त्यानंच आणलं होतं. पळसगव्हाणातून महागावला जाणारी गाडी एवढी एकच. राजदीपचा बाप लवकर गेला, तेव्हापासून काकाच त्याचा बाप. म्हणून राजदीपची बायको दीपमाला धर्मपालांना 'मोठे मामाजी' म्हणायची आणि त्यांच्या बायकोला, तुळसाबाईला, 'मोठ्या आत्याबाई'. समोरच्या खोलीतल्या भिंतीवर सगळ्यात ताजा फोटो या राजदीप-दीपमालाचाच होता. दीपमाला ओठ फुटलेला घेऊन आली होती. धर्मपालांनी तो पाहिला, छताकडं पाहिलं आणि म्हणाले होते, "फरतड आहे, पोरी. मनावर घेऊ नको." पेढा भरवताना तिचा हात इतका हालत होता की पेढा राजदीपच्या मिशीत चुरला. फोटोवाल्यानं पुन्हा भरवायला लावला होता.

अंगणात बायका बसल्या. आधी कोणी हात पुढं करेना. मग तांड्यावरच्या जमनीनं शाळा काढली, शाळेवरून वाद झाला, शाळा सरकवली. विहार आला, हापशी आली, तांडा आला. उपकेंद्र म्हणून कोणी तरी एक निंबाचं पान ठेवलं. महागावचा रस्ता दीपमालानं काढला. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चिमटीतून रांगोळी सोडत ती मागं मागं सरकत गेली, कुठंही न थांबता. रस्त्याच्या शेवटी महागावचं ठाणं आणि मोठा दवाखाना आला. त्याच्याही पुढं, यवतमाळच्या अलीकडं लोहाऱ्याकडं, ममतानं एक छोटा चौकोन काढला.

"हे आमच्या संस्थेचं आसराघर. पोरं घेऊन येता येतं. आल्यावर कोणी 'काय केलंस' असं विचारत नाही."

"च्या विचारते का पण?" जमनीनं विचारलं.

"चहा विचारतात."

"मंग बरं हाय."

बायका हसल्या. हसल्यावर बोलू लागल्या.

"नर्सबाईकडं ठेवा एक सरकी. दुपारपर्यंत असते ते."

"पण तिले खरं सांगा लागते. मी न्हाणीत पडली म्हणून सांगतलं, त तिनं गोळी देल्ली. मांगच्या खेपेले खरं सांगतलं, त तिनं सगळं लिहून घेतलं अन् मले चिठ्ठीबी देल्ली."

"ठाण्यात एक बाई हाय शिपाई. ते नीट ऐकते."

"अन् ते नसली त?"

"असली का नाही ते फोन करून पाह्यचं आधी," ममता म्हणाली. "म्हणून तर आज बसलो. फोन कोणाच्या घरी आहे, पोरं कोणाजवळ ठेवायची, हे सगळं भांडणाच्या आधी. आता गाडी. गाडी कोणाची?"

अंगणातल्या सगळ्या नजरा दीपमालाकडं वळल्या.

"गाडी त एकच हाय गावात," दीपमाला म्हणाली. "नवऱ्यानं मारलं, त त्याच्याच गाडीत बसून त्याच्यावर रिपोर्ट द्याले जाऊ का मी? अन् तो त सीट भरल्याबिगर गाडी काढतच नाही. मले म्हनन, बस, अजून दोघी मार खाऊन आल्या का निघू."

आधी कोणाला हसावं की नाही कळेना. मग दीपमालाच हसली, आणि अंगण फुटलं. धर्मपालही हसायला लागले होते, तोंडावर हात ठेवून. अर्ध्यात थांबले. आपण नेमकं कशाला हसलो ते त्यांना उशिरा समजलं.

"आमचा टेम्पो हाय नं," जमनी म्हणाली. "माहा देर भीमसिंग ढाणकीच्या बाजाराले नेते. कवाबी या, मी उठवते त्याले."

"अन् तो नाही उठला त? तू चालवशीन का?"

"मले चालवता नाही येत. हॉर्न वाजवता येते. हॉर्न वाजला का तो मेलेला असन तरी उठते."

भीमसिंगच्या घरावर सरकीची ओंजळ पडली. नर्सबाईवर पडली, शाळेतल्या बाईंवर पडली, हापशीजवळच्या आंधळ्या म्हातारीवरसुद्धा पडली, कारण तिला दिसत नसलं तरी ओरडता फार जोरात येत होतं. धर्मपालांनी टोपी सारखी केली. आता आपलं घर येणार.

"अध्यक्षाच्या घराचं काय करायचं?" कोणीतरी विचारलं.

"तेथं काय ठेवता, पेढा?"

"ए याडी, अव माय!" जमनी म्हणाली. "माही बहीण गेलती नं त्याईच्याकडं. मार तिनं खाल्ला, पेढा त्यानं खाल्ला!"

या वेळचं हसणं लवकर थांबेना. धर्मपालांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांना राग आला, आणि रागात एक आशा होती: तुळसाबाई तिथंच बसल्या होत्या. आयुष्यभर ज्या बाईनं त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नाही, ती आता या बायांना चांगली सुनावेल. ते खिडकीच्या फटीजवळ सरकले.

"मिरची ठेवा," तुळसाबाई म्हणाल्या.

"अवो तुळसामाय! सोताच्या घरावर?"

"सोताचं हाय म्हणूनच सांगून राह्यली. तुमाले कोणाले माह्यापेक्षा जास्त ठाऊक हाय का ते घर? समोरच्या दारानं कोणी येऊ नका. समोर अध्यक्ष बसते. मन वाईट नाही बुढ्याचं. पण याईले बाई दिसतच नाही, फोटो दिसते." मग त्या म्हणाल्या, "मांगच्या दारावर मात्र सरकी ठेवा. तेथं मी हाओ. कोणत्याबी वक्ताले. नुसतं खुट वाजवलं तरी जाग येते मले."

खिडकीच्या फटीतून धर्मपालांना तुळसाबाईंचा हात दिसला. त्यांनी चौकोनाच्या पुढच्या बाजूला एक मिरची ठेवली, नीट, देठ बाहेरच्या बाजूला करून. आणि मागच्या बाजूला सरकी.

आपल्या घराला मागचं दार आहे हे धर्मपालांना ठाऊक होतं. पण निवृत्त झाल्यापासून ते कधी तिकडं फिरकले नव्हते. तिकडं चूल, सरपण, न्हाणी. त्या दारानं गावातल्या बायका येतात, रडतात, डोक्याला हळद लावून घेतात, पोरं झोपवतात आणि समोरच्या खोलीत त्याच वेळी आपण समेटावर बोलत असतो, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

"खरं हाय," दीपमाला म्हणाली. "मी गेलती मांगच्या दारानं. मोठ्या आत्याबाईनं मले कापसात लपवलं."

त्या साली भाव असा पडला होता की घरोघर कापूस घरातच पडून होता. माणसं गंजीच्या कडेला झोपत आणि रातभर खाजवत. धर्मपालांची मधली खोली तर आढ्यापर्यंत भरलेली होती.

"कापसात?" ममतानं विचारलं.

"हो नं. गंजीत भोक केलं, मले बसवलं अन् वरून कापूस लोटला. नाका-तोंडात कापूस. तेवढ्यात हे आले माह्या मांगोमाग, 'काका, दीपी आली का?' मोठे मामाजी म्हणे, 'माह्या घरी? माह्या घरी कायले येईन?' अन् च्या ठेवाले सांगतला. च्या झाला, मंग दोघं कापूस पाहाले आत आले."

"अव माय!"

"मोठे मामाजीनं बाही वर केली अन् घातला हात कोपरापर्यंत. सीधा माह्या पाठीले लागला. दाबून पाह्यलं. मी म्हनलं, झालं दीपमाला, आता हे तुले ओढून काढते अन् पेढा हाती देते."

"मंग?"

"मंग म्हणे," दीपमालानं धर्मपालांचा आवाज काढला, आणि तो इतका हुबेहूब होता की धर्मपालांनी दचकून मागं पाहिलं, "'राजदीप, कापूस आतून तापला रे. ओल राह्यली. उद्या उन्हात टाका लागते.'"

बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. जमनीला ठसका लागला. दीपमाला हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. "मले हासू येत होतं अन् जीव जात होता. हासली असती त मेली असती मी."

धर्मपालांना ती संध्याकाळ आठवत होती. चांगली आठवत होती, कारण त्या निदानाचा त्यांना अभिमान वाटला होता. सवयीप्रमाणं आभाळाकडं बघायला गेले होते आणि आढं मध्ये आलं होतं. हातात अजून ग्रेडर जिवंत आहे, असं त्यांनी राजदीपला म्हणूनही दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी तुळसाबाईंनी चकार शब्द न काढता सगळी गंजी अंगणात वाळत टाकली होती, आणि त्यांनी पलंगावर बसून सूचना केल्या होत्या.

त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला. या हाताला धाग्याची लांबी कळत होती. किडका कवडी कापूस अंधारात कळत होता. माणसाची पाठ कळली नव्हती. आणि कळली असती तर?

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. कारण उत्तर तयारच होतं. त्यांनी तिला हाताला धरून बाहेर काढलं असतं. केसांत कापूस, तशीच समोरच्या खोलीत बसवली असती. चहा सांगितला असता. आणि त्या रात्री पोटभर जेवून, आपण एक संसार वाचवला म्हणून शांत झोपले असते. हे चित्र त्यांना इतकं लख्ख दिसलं की ते खिडकीकडं पाठ करून बसले. समोर मूर्ती होती. मूर्तीचे डोळे अर्धे मिटलेले होते, त्याचं त्यांना पहिल्यांदाच बरं वाटलं.

"काका!"

दारात राजदीप उभा होता, बोटात गाडीची किल्ली फिरवत. "अजून चालूच हाय का बायायचं? माह्या सीटा खोळंबल्या."

धर्मपाल उठले. गुडघ्यांनी आवाज केला. त्यांच्या मनात खूप काही आलं. हात उगारणाऱ्या माणसाला आता काय सांगायचं, याची दोन-तीन तेजस्वी वाक्यं एकाच वेळी ओठांवर आली. त्यांनी तोंड उघडलं.

"च्या घेतला का?" ते म्हणाले.

"घेतला नं. काय काढून राह्यल्या ह्या?" राजदीप खिडकीकडं निघाला.

खिडकीबाहेरच्या नकाशात मागचं दार होतं, त्यावर सरकी होती, भीमसिंगचा टेम्पो होता. राजदीपनं एकदा वाकून पाहिलं असतं तर त्यातलं काही उरलं नसतं. मग दीपमालाला कुठं जायला जागा राहिली असती? धर्मपालांनी टोपीसकट खिडकी भरून टाकली. ते जाडजूड होते, हे प्रथमच कोणाच्या तरी उपयोगी पडलं.

"रांगोळी," ते म्हणाले. नोकरीत त्यांनी कधी एका बोंडाचीही प्रत खोटी सांगितली नव्हती. "रांगोळीची स्पर्धा हाय. विषय शांतता."

"अरे वा! मंग दीपीचा नंबर येईन का?"

"निकाल नाही लागला अजून."

राजदीप हसला. "तिचा कायचा नंबर! साधी सरळ रेघ नाही काढता येत तिले, काका."

धर्मपालांच्या पाठीमागं अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत महागावचा रस्ता गेला होता. ते सांगावंसं वाटलं. त्यांनी गिळलं. सांगितलं असतं तर रस्ताच गेला असता. मग त्यांनी छताकडं पाहिलं, तसंच, पूर्वी आभाळाकडं पाहत तसं, आणि म्हणाले, "तू जा. त्या बाईले मी पाठवतो महागावले."

"तुमी? कायच्यात?"

"पाठवतो म्हनलं नं."

त्या नजरेवर वाद घालायची रीत नव्हती. राजदीप गेला. काळीपिवळी सुरू झाली, दोनदा खोकली, गेली. धर्मपाल भिंतीला टेकले. आयुष्यातलं हे पहिलं धाडस, आणि त्यात त्यांनी पुतण्याला चहा विचारला होता आणि एक रांगोळी स्पर्धा जाहीर केली होती. 'तिच्या अंगाला हात लावू नको' एवढं साधं वाक्य, ते या वेळीही जमलं नव्हतं. लाज वाटायला कारण शोधावं लागत नव्हतं. जुनी संपली नव्हती तोवर नवी हजर होती.

पण बोलणं हा त्यांचा धंदा झाला होता. अंगणाकडचं दार उघडेपर्यंत डोक्यात एक भाषण तयार झालंही. ते बाहेर आले, तशा बायका चिडीचूप झाल्या. दोघीतिघींनी पदर ओढले. ममता उभी राहिली. धर्मपालांनी हात जोडले.

"मायबहिणींनो, मी त्या खिडकीतून सगळं ऐकलं."

"माहीत हाय," तुळसाबाई म्हणाल्या. "टोपी दिसत होती."

धर्मपालांनी बायकोकडं पाहिलं. म्हणजे मिरचीचं ते सगळं त्यांच्यासाठीच होतं. इतकी वर्षं जे बोलायला घरात जागा मिळाली नाही, ते तुळसाबाईंनी खिडकीतल्या टोपीला सांगितलं होतं. तुळसाबाई खाली बघत सरकी निवडत होत्या, जणू ती उद्या पेरायची होती. त्यांचे कान मात्र लाल झाले होते. धर्मपाल निम्मं भाषण तिथंच विसरले.

राहिलेलं निम्मं घेऊन ते दीपमालाकडं निघाले. ती रस्त्याच्या कडेला बसलेली होती, हात रांगोळीनं पांढरे.

"दीपमाला," ते म्हणाले. आवाज माइकचा नव्हता. "पोरी, त्या दिवशी माहा हात तुह्या पाठीवर होता अन् मले समजलं नाही. तू ओठ फुटलेला घेऊन आली होती, तेव्हा त दिसत होतं. तेव्हाबी मी वर पाह्यलं. मले त्याची..." शब्द सापडेना. समेटाच्या भाषणात हा शब्द कधी लागलाच नव्हता. "मले लाज वाटून राह्यली, पोरी."

एवढ्यावर थांबणं त्यांना जमेना. उद्याच्या उद्या अध्यक्षपद सोडतो, म्हणाले. गावाच्या वेशीवरचा तंटामुक्तीचा फलक आपल्या हातानं उतरवतो. भिंतीवरचे फोटो काढतो, चुलीत घालतो. तुह्यासोबत ठाण्यात मी येतो, साक्ष मी देतो, राजदीप माह्या भावाचा पोरगा असला तरी देतो. समोरचं दार आजपासून तुह्यासाठी उघडं. एकेका वाक्याबरोबर ते एकेक पाऊल पुढं येत होते. डोळे भरले होते. जमनीनं मिरच्यांची पिशवी हळूच मागं सरकवली. गावानं त्यांचं इतकं खरं भाषण याआधी ऐकलं नव्हतं, आणि हे त्यांच्याही लक्षात आल्यामुळं त्यांना ते संपवता येईना.

दीपमालाची मान खाली होती. पोरगी रडत असावी.

"मोठे मामाजी," ती म्हणाली.

"बोल, माय. काय पाहिजे ते माग. नाही म्हणणार नाही."

दीपमालानं मान वर केली. डोळे कोरडे होते. ती रडत नव्हती, त्यांच्या पायांकडं बघत होती.

"पाय काढता का जरा? महागावचा रस्ता पुसून राह्यला." आणि ते घाईघाईनं मागं व्हायला लागले तशी म्हणाली, "उचलून घ्या पण. घासत नका नेऊ."